हवेच्या टाकीचा ड्रेन न उघडता हाफ इंजिन घेऊ नका

सात-आठ लाख किलोमीटर झालेली दहाचाकी, ५.९ लिटरचं सहा सिलिंडरचं कमिन्स. गाडी ऑइल खाते म्हणून मालक गॅरेजला नेतो. मिस्त्री गरम इंजिनचं ऑइल भरायचं झाकण काढून धूर दाखवतो: "शेठ, बॅक मारतंय, ब्लॉक संपला. हाफ इंजिन टाका, दोन दिवसांत गाडी लाइनला." बॅक मारणं म्हणजे सिलिंडरमधला गॅस रिंगांवरून खाली उतरणं; हाफ इंजिन म्हणजे हेड सोडून क्रँक-पिस्टनसकट तयार ब्लॉक. इथेच मालक लुटला जातो.

इतक्या चाललेल्या डिझेल इंजिनातून थोडा धूर येणारच. झाकण उलटं करून नुसतं तोंडावर ठेवा. आयडलिंगला उडून पडलं, तर बोअर-रिंगा बहुधा खरंच गेल्यात. जागेवर थरथरत राहिलं, तर ऑइल जातंय कुठे ते आधी शोधा. हवेच्या टाकीचा ड्रेन उघडा. पाण्याबरोबर काळं ऑइल भसाभस आलं, तर ब्रेकचा एअर कॉम्प्रेसर ऑइल फेकतोय. मग टर्बोतून इंजिनकडे हवा नेणारा होज काढा. आत चिकट ओल चालते, ऑइल साचलेलं चालत नाही. कॉम्प्रेसर असो की टर्बो, खर्च हाफ इंजिनापेक्षा कितीतरी कमी.

आणि ते हाफ इंजिन म्हणजे बहुतेक वेळा भंगारातला ब्लॉक, वरून ताजा रंग, आत जाड ऑइल. जाड ऑइलनं चार दिवस धूर दबतो, प्रेशरचा काटाही वर राहतो. भरलेली गाडी घाटाला लागली की पुन्हा तेच. ब्लॉकवरच्या इंजिन नंबरची जागा बोटानं चाचपा: आजूबाजूला जुना गंज आणि तेवढीच पट्टी घासलेली, गुळगुळीत असेल तर हात लावू नका. चोरीचं इंजिन निघालं तर पोलीस तुमच्या दारात येतील. चांगलं इंजिन असलं तरी पक्कं बिल घ्या आणि बदल १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवा, नाहीतर विम्याच्या क्लेमला अडकाल.

जुन्याच ब्लॉकचे सिलिंडर घासून मोठे करायचं, म्हणजे बोअर करायचं ठरलं तरी डोळे उघडे ठेवा. या ब्लॉकला कंपनीचे लायनर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या बदलता येणाऱ्या नळ्या, नसतात. मूळ बोअर १०२ मिमी, त्यावर ०.५० मिमी आणि १.०० मिमी जास्त, असे पिस्टनचे दोनच ओव्हरसाइज. त्यापुढे सिलिंडरमध्ये स्लीव्ह, म्हणजे नवी नळी ठोकावी लागते. बिलात ०.५० चे पिस्टन लावतात आणि जुनेच धुऊन, नव्या रिंगा चढवून बसवतात. हेड बसायच्या आधी स्वतः हजर राहा, सहाही पिस्टनच्या डोक्यावरची साइज वाचा. क्रँक ०.२५ मिमी घासला असेल, तर बेअरिंगच्या पाठीवरही तोच आकडा हवा. जुने पिस्टन पोत्यात भरून परत मागा. "भंगारात गेले" असं उत्तर आलं, तर हेड उघडून दाखवल्याशिवाय उरलेले पैसे देऊ नका.