बँकेने अंध भावाला लॉकर नाकारला, मग विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील घेतला: आमचा अनुभव

रेटिंग ५ पैकी ४. एक स्टार का कापला ते खाली सांगते, पण आधी हे सांगायचंय की जिल्हा विधी सेवा प्राधिकरण म्हणून जी सरकारी सेवा आहे ती बऱ्याच लोकांना माहितीच नाहीये, आणि ज्यांना माहितीये त्यांना वाटतं की ही जेलमधल्या कैद्यांसाठी नाहीतर नवरा-बायकोच्या भांडणासाठी आहे. तसं अजिबात नाहीये. बँक, हॉस्पिटल, विमा कंपनी, शाळा, कोणीही तुम्हाला अपंगत्वावरून नाहीतर जातीवरून सेवा नाकारली तर इथे जाऊन वकील मागता येतो आणि तो वकील खरोखर फुकट असतो, त्याची फी प्राधिकरण भरतं.

आमचं प्रकरण असं. माझा थोरला भाऊ पूर्ण अंध आहे. झेडपीत क्लार्क आहे, स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून दिवसभर कॉम्प्युटरवर काम करतो, पगाराचं खातं कितीतरी वर्षं एकाच बँकेत. आई गेल्यावर तिचे दागिने ठेवायला त्याला लॉकर हवा होता. ब्रँचमध्ये सांगितलं की एकट्याच्या नावावर मिळणार नाही, डोळस जॉइंट होल्डर आणा, बायकोचं नाव टाका. चेकबुक मागितलं तर म्हणे सही मॅच होणार नाही, अंगठा द्या. दादा पट्टी ठेवून सही करतो, प्लास्टिकची छोटी पट्टी असते मध्ये खाच असलेली, बोटाने खाच चाचपून बरोबर त्यात सही बसवतो आणि ती दरवेळी एकसारखी येते, झेडपीत वर्षानुवर्षं तीच सही चालते. बँकेत मात्र चालली नाही. आणि हे सगळं बोलताना मॅनेजर बघत होते माझ्याकडे. "यांना काय हवंय?" अहो, ते समोर बसलेत ना, त्यांना विचारा! वर प्रत्येक वाक्याला "मॅडम, त्यांच्याच सेफ्टीसाठी आहे." असा नकार दिला ना की भांडायलाही अवघड जातं, कारण समोरचा माणूस उद्धट बोलत नाहीये, खुर्ची देतोय, पाणी विचारतोय, फक्त तुमचं काम करत नाहीये.

झेडपीतल्याच एकाने दादाला सांगितलं की कोर्टात जाऊन विचार. प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात ह्या प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तालुक्याला तालुका विधी सेवा समिती असते, आणि १५१०० ही टोल फ्री हेल्पलाइन आहे. आम्हाला शंका होती की दादाला पगार आहे मग फुकट वकील कसा देतील, तर तिथे गेल्या गेल्या कळलं की महाराष्ट्रात ३ लाखांची जी वार्षिक उत्पन्नाची अट आहे ती बाकीच्यांसाठी. दिव्यांग, महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना ती अटच नाही, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात कलम १२ मध्ये तसं सरळ लिहिलंय. म्हणजे बाई कितीही कमावती असली तरी तिला हा वकील मिळू शकतो.

फॉर्म कागदावरच होता, पण तिथल्या विधी स्वयंसेवक मुलाने तो दादाला पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवला, आणि दादाने सांगितलेलं जसंच्या तसं भरलं. नंतर पॅनेलवरच्या (म्हणजे प्राधिकरणाच्या यादीतल्या) ज्या वकील मॅडम मिळाल्या त्यांनी खुर्ची दादाच्या समोर ओढली आणि पहिलाच प्रश्न त्यालाच विचारला, "सर, लॉकर मिळाला की पुरे, की चेकबुकचाही विषय घ्यायचाय?" मी बाजूला बसून होते, माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. मला इतकं बरं वाटलं त्या दिवशी, खरंच.

त्यांचं पहिलं काम म्हणजे आम्हाला परत बँकेत पाठवलं. तोंडी नकाराला काही किंमत नसते, लेखी अर्ज द्या, दुसऱ्या कॉपीवर शिक्का मारून पोच घ्या, नकाराचं कारण लेखी मागा. बँकेने अर्ज घेतला, पण लेखी कारण काही दिलं नाही, कारण देणार काय? रिझर्व्ह बँकेचं ४ जून २००८ चं सर्क्युलर आहे की अंध ग्राहकांना चेकबुक (थर्ड पार्टी चेकसुद्धा), एटीएम, नेट बँकिंग, लॉकर, कर्ज, क्रेडिट कार्ड यातलं काहीही भेदभाव न करता द्यायचंय. इतकी वर्षं झाली त्याला आणि ब्रँचमधल्या लोकांनी ते वाचलेलं नसतं ह्याचा मला अजूनही राग येतो. शिवाय २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम १३ आहे, स्वतःचे आर्थिक व्यवहार स्वतः सांभाळायचा हक्क इतरांइतकाच. मॅडमनी हे दोन्ही बँकेला पाठवलेल्या नोटिशीत घातलं आणि सोबत जीजा घोष केसचा दाखला दिला. त्यांना सेरेब्रल पाल्सी (हालचालींवर परिणाम करणारा मेंदूचा विकार) आहे, २०१२ मध्ये एका कॉन्फरन्ससाठी कोलकात्याहून गोव्याला निघाल्या होत्या, विमानात बसल्यावर त्यांना खाली उतरवलं, आणि २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने एअरलाइनला १० लाख भरपाई द्यायला लावली. मॅडमचं म्हणणं होतं की बँकवाल्यांना नुसतं कलम सांगून पटत नाही, आकडा दिसला की फाईल वर जाते.

आणि गेली की वर! केस अजून कोर्टात दाखलसुद्धा झाली नव्हती, दाखलपूर्व म्हणून प्राधिकरणाने दोघांना बोलावलं, तर बँकेकडून ब्रँच मॅनेजरच्या जागी रिजनल ऑफिसचे साहेब आणि त्यांचे वकील आले. तडजोड लेखी झाली, ती सही करण्याआधी दादाला पूर्ण वाचून दाखवली आणि सही पट्टी ठेवूनच केली. लॉकर त्याच्या एकट्याच्या नावावर, चेकबुक चालू, आणि लॉकर उघडताना सोबत कोणाला न्यायचं की नाही न्यायचं हे तो ठरवणार. पावसाळ्यात अर्ज दिला होता, दिवाळीच्या आधी आईच्या पाटल्या लॉकरमध्ये गेल्या. आमचा खर्च झेरॉक्स आणि रिक्षाचा. कोणी चहापाण्याचे पैसे मागितले नाहीत, तुम्हाला कोणी मागितले तर देऊ नका आणि सरळ सचिवांकडे तक्रार करा, सचिव म्हणजे तिथे न्यायाधीशच असतात.

आता कापलेला स्टार. ऑफिस वरच्या मजल्यावर, लिफ्ट आम्ही गेलो तेव्हा बंद, रॅम्प फक्त मेन दारापर्यंत. व्हीलचेअरवरचा माणूस वर जाणार कसा? ज्या ऑफिसातून दिव्यांगांच्या हक्काच्या नोटिसा निघतात तिथे तरी हे व्हायला नको. दुसरं म्हणजे वेळ. पॅनेलच्या वकिलांकडे बाकीच्या केसेस असतात, मॅडम दुसऱ्या कोर्टात अडकल्या की आम्ही बाकावर लंचपर्यंत बसून, आणि ऑफिसचा लँडलाइन फार कमी वेळा उचलला जातो. तिसरं, आम्हाला चांगल्या वकील मिळाल्या पण सगळ्यांना तशाच मिळतील असं नाही. एका ओळखीच्या बाईंना मिळालेले वकील तारखेलाच यायचे नाहीत, त्यांनी सचिवांना अर्ज दिला आणि वकील बदलून मिळाला, म्हणजे तो रस्ता आहे हे लक्षात ठेवा. कॉरिडॉरमध्ये "फुकटचा वकील काय काम करणार" म्हणून स्वतःच्या ओळखीचा वकील पुढे करणारे भेटतात, त्यांचं ऐकू नका.

प्रत्येक गोष्टीला वकील लागतोच असंही नाही. बँकेकडे लेखी तक्रार करून ३० दिवसात उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. नुकसान भरपाई हवी असेल तर ग्राहक आयोग, सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे फी नाही. दिव्यांगांसाठी पुण्याला राज्याच्या आयुक्तांचं कार्यालय आहे. यातलं कुठे जायचं हे कळत नसेल तर त्यासाठी तरी प्राधिकरणात जाऊन बसा, नुसता सल्लासुद्धा देतात.

सध्या दादाचा दुसरा अर्ज तिथेच टाकलाय. एका गुंतवणुकीच्या अ‍ॅपमध्ये केवायसी (ओळख पडताळणी) करताना कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावा म्हणतात, त्याला ते जमत नाही, आणि दुसरा काही पर्यायच दिलेला नाही. ३० एप्रिल २०२५ ला सुप्रीम कोर्टाने नेमक्या ह्याच विषयावर निकाल दिलाय, अ‍ॅसिड हल्ल्यातल्या पीडित आणि एक अंध वकील यांच्या याचिकांवर, आणि डिजिटल केवायसी सगळ्यांना करता येईल अशी करायचे २० निर्देश दिलेत. तारीख पुढच्या महिन्यात आहे, काय होतं ते इथेच अपडेट करेन.

जाणार असाल तर आधार, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) नाहीतर दिव्यांग प्रमाणपत्र (जातीचा विषय असेल तर जातीचा दाखला), सेवा देणाऱ्याला दिलेल्या अर्जाची पोच आणि झालेले सगळे मेसेज-ईमेल प्रिंट काढून न्या, आणि सकाळी लवकर जा, दुपारनंतर गर्दी वाढते.