एस-मीटर झाका, मग ऐका

हॅम रेडिओच्या १६० आणि ८० मीटर बँडवर फक्त ऐकण्यासाठी घेतलेली ही एक मीटर व्यासाची अ‍ॅक्टिव्ह लूप, म्हणजे प्रीअँप (सिग्नल वाढवणारं सर्किट) जोडलेला कड्यासारखा अँटेना. माझ्या डायपोलवर (साध्या तारेच्या अँटेनावर) ८० मीटरला गोंगाटच एस-९, म्हणजे सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या एस-मीटरवर चांगलाच जोरदार, त्याखाली सीडब्ल्यू (मोर्स) दबलेलं. लूपवर सिग्नलही पडतो, पण गोंगाट त्याहून जास्त उतरतो, आणि हवं ते तेवढंच. एस-मीटरचा उतरलेला काटा पाहून हिरमुसणाऱ्यांनी ही घेऊच नये.

खरी गंमत फिरवण्यात आहे. लूपच्या प्रतलाला काटकोनात तिचा 'नल' असतो, म्हणजे जिकडून जवळजवळ काहीच ऐकू येत नाही अशी दिशा. शेजारच्या सोलर इन्व्हर्टरची घरघर त्यात नेमकी बसवली की जवळजवळ गायब! नल अरुंद आहे, म्हणून रोटेटर (अँटेना फिरवणारी मोटर) हवाच. गोंगाट चहूबाजूंनी येत असेल तर मात्र फिरवून काही उपयोग नाही.

सोबतचा अ‍ॅडॉप्टर स्विचिंगचा, म्हणजे स्वतःच रेडिओ गोंगाट करणाऱ्या प्रकारचा, निघाला. गोंगाट घालवायला घेतलेल्या वस्तूबरोबर गोंगाटाचंच यंत्र, काय म्हणावं! मी तसा गोंगाट न करणारा लिनियर सप्लाय लावला. कोअ‍ॅक्सचे (अँटेनाच्या केबलचे) वेढे ३१ मिक्स प्रकारच्या फेराइट कड्यावर देऊन केबलवरून येणारा गोंगाट अडवणारा चोक केला, तेव्हा कुठे नल खोल गेला. हा चोक खरं तर खोक्यातच यायला हवा होता. ट्रान्समिट करताना लूप तोडणारा रिलेही स्वतःच बसवा, नाहीतर प्रीअँप जळू शकतो.