बोनसच्या जागी हातात पडलेलं ‘वॉरंट’

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या एका प्रायव्हेट लिमिटेड कारखान्यात मी डिस्पॅचला होतो. दिवाळीच्या तोंडावर शेठनी सगळ्यांना बोलावलं. कंपनी शेअर बाजारात उतरतेय, बोनस कंपनीतच ठेवा, जमेल तेवढी रोकड वर घाला, बदल्यात ‘एम्प्लॉयी वॉरंट’, म्हणजे पुढे कंपनीचे शेअर घेण्याच्या हक्काचा कागद, घ्या. शिलाईतल्या अक्कांनी भिशी मोडून पैसे दिले. पावती मागितली तर म्हणे, “घरच्या माणसांत पावती कसली!”

कागद मात्र झोकात. सोनेरी किनार, गोल शिक्का, माझ्या नावापुढे ‘५०० वॉरंट’. पाठीमागे बारीक अक्षरात अटी: शेअरचा भाव संचालक मंडळ ठरवेल तो, मुदतीची जागा कोरी, नोकरी सुटली की हक्क रद्द. संचालक मंडळ म्हणजे शेठ आणि त्यांच्या सौभाग्यवती!

वॉरंट हातात आलं म्हणून शेअर मिळाला असं होत नाही. ठरलेल्या भावाने, ठरलेल्या मुदतीत शेअर घेण्याचा तो हक्क असतो. शेअर नावावर चढेपर्यंत लाभांश नाही आणि मतही नाही. आमच्या कागदावर ना भाव ना मुदत, मग हक्क कशाचा?

कंपनी कायदा २०१३ च्या कलम ६२ प्रमाणे कामगारांना शेअरचा असा पर्याय द्यायला भागधारकांचा ठराव लागतो. कलम ४२ प्रमाणे खासगीत शेअर-वॉरंट विकताना रोकड चालतच नाही. पैसे बँकेतून गेले पाहिजेत. ६० दिवसांत वाटप झालं नाही तर पुढच्या १५ दिवसांत रक्कम परत, नाहीतर १२ टक्के व्याज. रोकड आणि पावती नाही, इथेच सगळं कळायला हवं.

बिंग फोडलं ते एका सहकाऱ्याच्या सीए शिकणाऱ्या मुलीने. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर कंपनीचं नाव टाकलं की अधिकृत भांडवल (जास्तीत जास्त किती रकमेचे शेअर काढता येतात ते) आणि भरणा झालेलं भांडवल (त्यातले किती आधीच दिलेत ते) फुकट दिसतं. आमच्या कंपनीचं दोन्ही १० लाख. म्हणजे १० रुपयांचे १ लाख शेअर, सगळे आधीच नवरा-बायकोच्या नावावर. अधिकृत भांडवल वाढवल्याशिवाय एक शेअरसुद्धा नव्याने देता येणार नव्हता, आणि वाढवल्याची नोंद कुठेच नाही. शिवाय प्रायव्हेट कंपनीच्या नियमावलीत शेअर दुसऱ्याला देण्यावर बंधन असतंच. उद्या चुकून मिळाले असते तरी कुणाला विकणार?

पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेत आणि पुण्याच्या कंपनी रजिस्ट्रारकडे आम्ही तक्रार दिली आहे. तेव्हापासून शेठचा माणूस संध्याकाळी घरोघरी फिरतोय. अर्धे पैसे घ्या, मूळ कागद द्या, ‘काही तक्रार नाही’ वर सही करा. काहींनी केलीसुद्धा, नड असते माणसाला. पण तुमच्याकडे असा कागद असेल तर दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढा, पैसे कुणासमोर दिले ते लिहून ठेवा, आणि वकिलाला दाखवल्याशिवाय मूळ प्रत हातची सोडू नका.