नवेगाव बांधला पळायचं तर रानवाट की तलाव?

गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगाव राष्ट्रीय उद्यानात (१९७५) मनाला येईल तसं पायी हिंडता येत नाही, म्हणून ही गोष्ट बाहेरच्या वाटांची.

रानाकडची मुरमाड वाट पायाला चांगली. चढउतार आहेत, पोटऱ्या भरून येतात. पण फेब्रुवारी-मार्चात सागाच्या पानगळीखाली दगड दिसत नाहीत, घोटा मुरगळतो. त्याहून अवघड मोहफुलांचे दिवस. पहाटे मोहं वेचणाऱ्यांसारखं अस्वलही झाडाखाली येतं. खाण्यात गुंगलं की त्याला चाहूल उशिरा लागते, अन् दचकलं की अंगावर येतं. धावणारा माणूस नेमका मुकाट्यानं आणि वेगानं येतो! तेव्हा चांगलं उजाडल्यावर, गावातलं कुणी सोबत घेऊन, बोलत जावं. कानात इअरफोन नकोच.

कोहळी समाजातल्या लोकांनी बांधलेल्या तलावाकडची वाट सपाट, खरं तर कंटाळवाणी. हिवाळ्यात मात्र पाणपक्षी उतरतात नि वेग आपोआप मंदावतो. घड्याळ बघत पळणाऱ्यांना ते सोसायचं नाही. पावसाळ्यात धानाच्या धुऱ्यांवर, म्हणजे शेताच्या बांधांवर, चिखल इतका की पळणं विसरा.

नवख्याला मी डिसेंबरातला तलावच सांगेन. रान पाय तयार झाल्यावर, तेही जानेवारीत.