धबधबा जंगलात, गाड्या गावात: वनसमिती बरी की ग्रामपंचायत?

आमच्या गावाचं नाव इथं मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर पुढच्या रविवारी आणखी दोनशे गाड्या येतील, आणि माळावर जागा साठ गाड्यांची आहे. मुरबाड-शहापूर पट्ट्यातलं गाव, पावसाळ्यात धबधबा, ठाण्याहून सकाळी निघालं तर न्याहारीच्या वेळेला पोचता येतं, एवढं पुरे. मी ठाण्यात राहतो, नोकरी वागळे इस्टेटला. शनिवारी कल्याणहून एसटी धरून गावी, सोमवारी पहाटे परत. गावच्या पर्यटनाचा हिशोब माझ्या गळ्यात पडला, कारण आमच्या ठाणेकर मंडळात जमाखर्च लिहिता येणारा मी एकटाच निघालो.

पाच पावसाळे झाले. पर्यटकांची व्यवस्था पहिली दोन वर्षं आम्ही संयुक्त वन व्यवस्थापन समितीमार्फत केली (वनखातं आणि गावकरी मिळून चालवतात ती), पुढची तीन ग्रामपंचायतीमार्फत. आता आजूबाजूच्या गावांतली मंडळी विचारतात, आमच्याकडेही गर्दी व्हायला लागलीय, समिती बरी की पंचायत? दरवेळी मुरबाड गाडीच्या रांगेत उभं राहून सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढतो. ठराव कसा मांडतात, समिती कशी बसते, हे तुम्हाला माहीत आहे असं धरतो.

तिसराही एक मार्ग असतो, तो म्हणजे काहीच न करणं. त्याचं काय होतं ते ठाण्यातल्या माणसाला सांगायला नको, शहराला लागून असलेल्या येऊरच्या जंगलात एक रविवार संध्याकाळी चक्कर मारली की कळतं. वर राष्ट्रीय उद्यान, खाली महापालिका, मध्ये बंगले आणि हॉटेलं, रात्रीचे लाऊडस्पीकर, आणि पाड्यांवरची मूळ माणसं रस्त्याच्या कडेला जांभळं-करवंदं घेऊन बसलेली. तिथं २०१६ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर झालं, पण तोवर धंदा बाहेरच्यांच्या हातात गेलेला होता. म्हणून जे काय करायचं ते गर्दी व्हायच्या आत करा.

आधी सातबारा बघा. जवळजवळ सगळ्या गावांत गोष्ट सारखीच असते: पाणी पडतं वनखात्याच्या हद्दीत, आणि गाड्या लागतात गावाच्या माळावर. या एका ओळीवर पुढचं सगळं ठरतं. वनहद्दीत १९८०च्या वनसंवर्धन कायद्यामुळे केंद्राच्या मंजुरीशिवाय पक्कं काही बांधता येत नाही. आमच्यातल्या एकानं वनहक्क कायद्याचा आधार काढला होता, की गावाच्या सोयींसाठी एक हेक्टरपर्यंत वनजमीन मिळते. मिळते, पण त्या तेरा सोयींच्या यादीत शाळा आहे, अंगणवाडी आहे, रेशन दुकान आहे, पर्यटकांचं स्वच्छतागृह नाही. कायदा करणाऱ्यांनी मुंबईकर पावसाळ्यात काय करतात ते बघितलं नसावं.

समितीची बाजू आधी मांडतो, कारण ती कमकुवत नाही. धबधब्याच्या वाटेवर काठ्यांचा कठडा, दोरी, 'पुढे जाऊ नये' अशा पाट्या, दोन पोरं पहाऱ्याला, हे सगळं समितीनं महिन्याभरात केलं. वनरक्षक सोबत उभा असला की दारूच्या बाटल्या घेऊन आलेली टोळकी मुकाट्यानं मागे फिरतात. खाकीचा तो वचक सरपंचाला येत नाही, कितीही मोठ्यानं ओरडला तरी. रोपवन, पाऊलवाट, वणवा ही कामं त्यांना कळतात, आपल्याला कळत नाहीत. आणि नमुना बघायचा तर कास पठार आहेच. २०१२ मध्ये पश्चिम घाट जागतिक वारशाच्या यादीत गेला त्यात कासही आलं, आणि फुलांच्या हंगामात तिथली गावं वनखात्याबरोबर समित्यांमधूनच काम करतात: ऑनलाइन नोंदणी, दिवसाला ठरावीक माणसं, प्रवेश शुल्क. पण कासला फुलं काही आठवडे असतात, हजारो लोक येतात, पैसा मोठा असतो, त्यामुळे त्या कामाला वाहिलेली माणसं ठेवता येतात. आमचा धबधबा आठवड्यातले पाच दिवस रिकामा असतो. तिथं वेगळा माणूस कुठून आणणार?

आता पावती पुस्तकाचं सांगतो. तुम्हाला क्षुल्लक वाटेल. माझा निर्णय मात्र तिथंच झाला.

समितीची पावती म्हणजे शंभर पानांचं, क्रमांक छापलेलं, शिक्का मारलेलं पुस्तक. ते मिळायचं चौदा किलोमीटरवरच्या कार्यालयात. जुन्या पुस्तकाच्या स्थळप्रती आणि बँकेतला भरणा जुळल्याशिवाय नवं पुस्तक हातात पडत नसे. नियम म्हणून चुकीचं काहीच नाही, मीही हिशोबाचाच माणूस आहे. पण कार्यालयाला शनिवार-रविवार सुट्टी आणि आमचे पर्यटक शनिवार-रविवारचे.

जुलैचा दुसरा रविवार. नाक्यावर आडवा बांबू, त्याच्यापाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बचत गटाच्या दोघी, एकीच्या मांडीवर डबा, दुसरीच्या हातात पुस्तक. दुचाकीला वीस, चारचाकीला पन्नास. पाऊस असा, की कार्बन कागद ओला होऊन खालच्या प्रतीवर नुसता निळा डाग उमटत होता. सव्वाअकराला पुस्तकवाली मला म्हणाली, "दादा, शंभर झाल्या." मागे रस्त्यावर रांग वळणापर्यंत. मी वनपालांना फोन लावला. बिचारे घरच्या कार्याला गेले होते. म्हणाले, उद्या या, देतो. पुढच्या गाडीवाल्यानं काच खाली करून विचारलं, "पावती नाही? मग पैसे कसले?" बरोबरच होतं त्याचं. वहीच्या कागदावर लिहून द्यावं तर उद्या कुणीतरी त्याचा फोटो काढून 'गावकऱ्यांची बेकायदा वसुली' म्हणून फिरवणार. शेवटी बांबू उचलला आणि उरलेल्या दिवसभर सगळ्यांना फुकट सोडलं. संध्याकाळी कचऱ्याच्या सात गोण्या भरल्या. त्या भरणाऱ्या पोरांना द्यायला डब्यात जे होतं ते सकाळच्या शंभर पावत्यांचं, आणि त्यातलाही रुपया भरणा केल्याशिवाय खर्चायला परवानगी नव्हती.

असं त्या पावसाळ्यात तीनदा झालं. एकदम तीन पुस्तकं मागितली तर पद्धत नाही म्हणाले. खात्यावर अध्यक्ष आणि सचिव अशा दोन सह्या लागायच्या. सचिव म्हणजे वनपाल, आणि ऑगस्टात त्यांची बदली झाली. नवे रुजू होऊन बँकेत सहीचा नमुना बदलेपर्यंत गोण्या उचलणाऱ्या टेम्पोवाल्याचे पैसे मी माझ्या खिशातून दिले. त्या वनपालांबद्दल माझी तक्रार नाही, सरळ माणूस होता. कपाट मात्र गावाबाहेर होतं.

पंचायतीकडे गेलो तेव्हा सगळं गोड होईल अशी भाबडी समजूत नव्हती. ग्रामसेवक (२०२४ पासून त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं, पण हाक कुणी बदललेली नाही) आमच्याकडे आठवड्यातून दोन दिवस येतात, त्यांच्याकडे आणखी एक गाव आहे. पण नमुना ७ची, म्हणजे पंचायतीच्या सामान्य पावतीची, पाच पुस्तकं सही-शिक्क्यांसकट पावसाळ्याआधीच पंचायतीच्या कपाटात येऊन पडतात. कपाटाची एक किल्ली सरपंचबाईंच्या घरी, तुळशीमागच्या खिळ्याला. रविवारी अकरा वाजता पुस्तक संपलं, तर एक पोरगा सायकलवर जातो आणि सव्वाअकराला नवं घेऊन येतो. माझ्यापुरता फरक एवढाच आहे, हे प्रामाणिकपणे कबूल करतो. बाकीचे मुद्दे मी मागाहून जुळवले असतील, तुम्ही आपले तपासून घ्या.

तरी दोन मुद्दे खरोखर वजनदार आहेत. पहिला, स्वच्छतागृह. आम्ही ते बांधलं तेव्हा पंचायतीला केंद्राकडून मिळणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के भाग बंधित होता, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचा. माळावरची चार स्वच्छतागृहं, पाण्याची टाकी आणि कचऱ्याची शेड त्यातून झाली, मात्र त्यासाठी हे काम गावाच्या विकास आराखड्यात आधीच्या वर्षी नोंदलेलं असावं लागतं. समितीला हे दारच नव्हतं. पुढे 'क' वर्ग पर्यटनस्थळाच्या दर्जासाठी जिल्हा नियोजन समितीकडे जायचं झालं, तर तिथंही पंचायतीचा ठराव हातात असला की बोलणं सोपं जातं. आम्ही अजून गेलेलो नाही. रस्ता रुंद झाला की बसगाड्या येतील, अशी निम्म्या गावाला भीती आहे आणि मीही त्या निम्म्यात आहे.

दुसरा मुद्दा, माळ पंचायतीच्या ताब्यात असल्यामुळे गाड्या मोजता येतात. माणसं कुणालाच मोजता येत नाहीत, जंगलात सतरा वाटांनी शिरतात. पण साठ गाड्या झाल्या की बांबू आडवा, पुढच्यानं एक सुटेपर्यंत थांबायचं किंवा परतायचं. पहिल्या वर्षी शिव्या खाल्ल्या. आता लोक सकाळी सातलाच येतात, त्यामुळे न्याहारीचा धंदा वाढला. तांदळाची भाकरी, कंटोळ्याची भाजी आणि चहा, बाकी मॅगी मागणाऱ्याला मॅगीही मिळते, उगाच खोटं कशाला बोलू.

पंचायतीची खोट कुठं आहे ते न सांगता पुढे गेलो तर वाडीवाले मला गावात फिरू देणार नाहीत. धबधब्याची वाट जाते ठाकरवाडीतून, आणि पंचायतीत बहुमत मोठ्या गावाचं. समिती होती तेव्हा पहाऱ्याची, वाट दाखवायची कामं आपोआप वाडीच्या पोरांना मिळायची, कारण वनरक्षक त्यांनाच ओळखायचा. पंचायतीत आल्यावर पहिल्याच वर्षी नाक्यावरच्या खुर्च्या गावठाणातल्या गटाकडे सरकल्या आणि वाडीला मिळालं झाडलोटीचं काम. पैसा ग्रामनिधीत गेला आणि त्यातून गावठाणात दिवे लागले. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत वाडीतल्या एका मावशींनी उठून विचारलं, "पाणी आमच्या अंगणात पडतं, मग उजेड तुमच्या दारात कसा?" सभा बराच वेळ गप्प होती. त्यानंतर ठराव झाला की नाक्याच्या जमेतला निम्मा वाटा वाडीतल्या कामांवर आणि मानधनावर जाईल, आणि खुर्च्या आलटून-पालटून. तो पाळला जातो का? बहुतेक वेळा. नाही पाळला तर २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत परत मावशी आहेतच. समितीच्या बैठकीत असा प्रश्न उठलेला मी पाहिला नाही, पण तिथं उठायचं कारणही पडलं नव्हतं, हेही खरं.

तुमचं गाव पेसा क्षेत्रात (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा जिथं लागू आहे तिथं) असेल तर हा लेख अर्धा बाजूला ठेवा. शहापूर तालुका सगळा त्यात येतो, मुरबाडचा काही भाग. पेसाच्या २०१४च्या नियमांप्रमाणे वाडीला स्वतःची ग्रामसभा आणि स्वतःचा ग्रामसभा कोष करता येतो. मग पंचायतीच्या बहुमताचा प्रश्नच राहत नाही. आमच्या वाडीनं ते मनावर घेतलं तर मी जमाखर्चाची वही उचलून तिकडे जाईन. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका स्वतः होड्या वल्हवून कांदळवन दाखवतात, ते बघून आल्यापासून वाडीतल्या दोघी-तिघींच्या डोक्यात घोळतंय खरं.

मनाई आदेश मात्र दोन्हीकडे सारखाच. जिल्हाधिकारी पावसाळ्यात धबधब्यांवर बंदी घालतात, पूर्वी कलम १४४, आता नागरिक सुरक्षा संहितेचं १६३, आणि त्या दिवसांत बांबू, पावती, भाकरी सगळं बंद. धंद्याचा अंदाज बांधताना ते रविवार आधीच वजा करा.

सगळं वनहद्दीतच असेल, गाड्या लावायला गावाची जागाच नसेल, तर समितीशिवाय इलाज नाही आणि ती वाईटही नाही. फक्त पुस्तकं किती आणि कुठल्या कपाटात, हे पहिल्या बैठकीत इतिवृत्तात लिहून घ्या. माळ तुमच्या पंचायतीचा असेल तर मी म्हणेन पंचायत, आणि वाटेच्या राखणीपुरती वनखात्याची समिती जोडीला. आम्ही तसंच करतो. आमचे आताचे वनरक्षक दर रविवारी नाक्यावर चहाला थांबतात, तेवढ्यानंही बाटल्या कमी होतात.

ठरावात 'प्रवेश शुल्क' लिहू नका. जंगलात प्रवेश द्यायचा अधिकार पंचायतीला नाही. आमचा पहिला ठराव त्या दोन शब्दांवर तांबड्या शाईची खूण होऊन वरून परत आला आणि जूनचे चारही रविवार फुकट गेले. 'वाहनतळ व स्वच्छता शुल्क' असं लिहा, आणि ग्रामसभा मे महिन्यातच घ्या.