हायब्रिडसाठी वरचे दोन लाख: कोणी द्यावेत, कोणी देऊ नयेत

माझा साडू ठाण्यात राहतो, नोकरी अंधेरीला. जाऊन-येऊन रोजचे 50 किलोमीटर, महिन्याला 22 दिवस, म्हणजे रनिंग 1,100. त्याने एकाच मॉडेलच्या दोन गाड्या पाहून ठेवल्या होत्या: साधी पेट्रोल ऑटोमॅटिक आणि स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनासोबत बॅटरीवर गाडी चालवणारी मोटर असलेली. किमतीत एक्स-शोरूम दोन लाखांचा फरक. सेल्समन लिटरला 28 किलोमीटरच्या अ‍ॅव्हरेजवर अडून बसला होता आणि साडू मला विचारत होता, "वसूल होतात का रे दोन लाख?"

आधी त्या 28 बद्दल. मारुतीची ग्रँड विटारा आणि टोयोटाची हायरायडर यांच्या स्ट्राँग हायब्रिडचा अधिकृत आकडा 27.97 आहे, टोयोटाच्याच इनोव्हा हायक्रॉसचा 23.24. हे प्रयोगशाळेतले आकडे. तिथे ठाण्याच्या घोडबंदर रोडचं ट्रॅफिक नसतं. पण साध्या पेट्रोल गाडीचा 20-21 हा आकडाही तिथलाच, आणि मुंबईत आपटी तिलाच जास्त बसते. जेव्हीएलआरवर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) संध्याकाळी सातला पेट्रोल ऑटोमॅटिक 11 च्या वर सहसा जात नाही. हायब्रिड त्याच रस्त्यावर 20 देते असं धरू. कारण सोपं आहे. ब्रेक दाबला की मोटर जनरेटर होते आणि एरवी ब्रेकच्या उष्णतेत वाया जाणारी शक्ती बॅटरीत जमा करते. पुढची गाडी दहा फूट सरकली की आपणही त्याच विजेवर सरकतो, इंजिन बंदच. एसीचा कॉम्प्रेसरही विजेवर चालतो, त्यामुळे मे महिन्यात सिग्नलला इंजिन बंद पडलं तरी घाम फुटत नाही. बॅटरी उतरली की इंजिन मध्येच सुरू होतं, तेवढंच.

आता पैसे. पेट्रोल लिटरला 104 रुपये धरा. साध्या गाडीला किलोमीटरमागे 9.45 रुपये पडतात, हायब्रिडला 5.20. बचत 4.25. साडूची महिन्याची बचत झाली 4,675 रुपये. ऐकायला झकास.

पण दोन लाखांचा फरक दोन लाखांवर थांबत नाही. महाराष्ट्रात 10 ते 20 लाखांच्या पेट्रोल गाडीला 12 टक्के रोड टॅक्स आहे, 20 च्या वर 13, आणि हायब्रिडला पेट्रोलचाच दर. म्हणजे आणखी 24,000, वर इन्शुरन्स. ऑन-रोड फरक 2.3 लाखांच्या घरात. 9 टक्क्यांनी पाच वर्षांचं कर्ज काढलं तर एका लाखाला हप्ता 2,076 रुपये, म्हणून या फरकाचा हप्ता 4,775. बचत 4,675. दर महिन्याला शंभर रुपये तोटा! साडूचा चेहरा बघण्यासारखा झाला.

दोन लाख जास्त की कमी हा प्रश्न तसा चुकीचाच आहे. महिन्याला शहरात होणाऱ्या तुमच्या रनिंगला 4.25 ने गुणा आणि 2,076 ने भागा. ऑन-रोड जास्तीत जास्त किती लाख वर मोजावेत याचं उत्तर तेच. 1,500 किलोमीटरला तीन लाखांवर येतं. 400 ला जेमतेम 82 हजार. दादरहून लोकलने ऑफिस गाठणारा आणि गाडी फक्त रविवारी काढणारा माणूस या दुसऱ्या रांगेतला. त्याने हायब्रिडच्या वाटेला जाऊ नये. शिवाय आठवडेच्या आठवडे उभ्या राहिलेल्या हायब्रिडची 12 व्होल्टची छोटी बॅटरी उतरते, मग सोसायटीत जंप स्टार्टसाठी माणूस शोधत फिरा.

"पण आम्ही गणपतीला गावी जातो ना," असंही ऐकतो. हायवेला ब्रेक कमी, त्यामुळे फायदाही कमी. साधी 17 देत असेल तर हायब्रिड 22. जाऊन-येऊन हजार किलोमीटरला बचत सुमारे 1,400 रुपये, आणि मोठी बॅटरी मागे असल्याने डिकी लहान. मखर आणि आजीचं गाठोडं एकत्र बसत नाही. हायवेच जास्त असेल तर साधी पेट्रोल घ्या, अगदी मॅन्युअलसुद्धा.

एक सावधगिरी. 'माइल्ड' किंवा 'स्मार्ट' हायब्रिड हे वेगळं प्रकरण. तिथे बेल्टवरची छोटी मोटर इंजिनला हातभार लावते, नुसत्या विजेवर गाडी हलत नाही. वरचा हिशेब तिला लागू नाही. "हायब्रिड आहे ना?" विचारलं की हो म्हणतात. "इंजिन बंद ठेवून चालते का?" असं विचारा.

खरा प्रतिस्पर्धी सीएनजी. किलोला 80 रुपये आणि शहरात किलोमागे 18 धरले तर किलोमीटरला 4.44, म्हणजे हायब्रिडपेक्षाही स्वस्त, आणि गाडीची किंमतही बरीच कमी. निव्वळ पैशाचं बघणाऱ्याने इथेच थांबावं. त्रास दोन: पंपावरची रांग आणि क्लच. हायरायडरची सीएनजी मॅन्युअलच आहे, आणि सायनच्या ट्रॅफिकमध्ये डाव्या पायाचे हाल ज्याने सोसले त्याला वेगळं सांगायला नको. टाटाच्या टिगोर-टियागोत सीएनजीसोबत एएमटी (क्लच न दाबता गिअर आपोआप बदलणारी) मिळते, पण त्या लहान गाड्या.

इलेक्ट्रिक? जीएसटी 5 टक्के, चार मीटरपेक्षा लांब हायब्रिडला मात्र 40. घरच्या विजेवर किलोमीटरला दोन रुपयांच्या आत. स्वतःचं पार्किंग आणि तिथे मीटर लावू देणारी कमिटी असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाहीच. आमच्या सोसायटीत स्टॅक पार्किंग (गाड्या एकावर एक) आहे, आणि चार्जरचा विषय गेल्या दोन वार्षिक सभांत 'पुढच्या सभेत पाहू' वर अडकलाय.

बॅटरीची भीती बरेच जण घालतात. मारुती आणि टोयोटा हायब्रिड बॅटरीवर आठ वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटर वॉरंटी देतात. पाच-सहा वर्षांत गाडी बदलणाऱ्याने त्यावर झोप घालवू नये. दहा-बारा वर्षं वापरणाऱ्याने वॉरंटीनंतर बॅटरी बदलायची किंमत शोरूमकडून आधीच लिहून घ्यावी.

साडूने शेवटी हायब्रिडच घेतली. शंभर रुपयांचं काय, असं विचारलं तर म्हणाला, "संध्याकाळी सहाला टेस्ट ड्राइव्ह घेतली. माजिवड्याच्या सिग्नलला दोनदा वाटलं, गाडी बंद पडली. शंभर रुपये त्या शांततेचे."