कानाची भिंत काढावी की राखावी?

कोलेस्टिअ‍ॅटोमा, म्हणजे मधल्या कानात वाढणारा कातडीचा गोळा, कानातलं हाड पोखरतो, वेळप्रसंगी मेंदूपर्यंत पोचतो. त्याला ऑपरेशनच लागतं. १९व्या शतकाअखेरच्या रॅडिकल मास्टॉइड पद्धतीत कानामागचं हाड कोरून कर्णनलिकेची मागची भिंतही काढत. जीव वाचायचा, ऐकणं बरंच जायचं. १९५०च्या दशकात जर्मनीत वुलश्टाइन आणि झोल्नर या कानाच्या डॉक्टरांनी पडदा नि ऐकण्याच्या छोट्या हाडांची साखळी दुरुस्त करणं रुजवलं. पुढे भिंत राखणंही आलं.

भिंत काढली तर पोकळी अधूनमधून साफ करावी लागते, आणि रामकुंडातली डुबकी जपूनच. राखली तर पाण्याची भीती कमी, पण आजार आत लपून वाढू शकतो. म्हणून तपासायला पुन्हा ऑपरेशन किंवा एमआरआय. सुरगाणा-पेठहून नाशिकला वारंवार येणं जमणार नसेल, तर मला भिंत काढणंच सुरक्षित वाटतं.